युनानीतली अफू: चावल-रत्तीचं माप, बर्शाशा आणि गावात उरलेला बोंडांचा काढा

खारपाण_पट्टा
वऱ्हाडात बहामनी आणि मग इमादशाही (१४९० ते १५७४, राजधानी अचलपूर) अंमलात हकिमी, म्हणजे युनानी वैद्यक, रुजली. जुन्या घरांत हकिमी नुस्ख्यांच्या वह्या अजून सापडतात, काही उर्दूत, काही मोडी-देवनागरीत उतरवलेल्या. अशाच एका वहीत 'बर्शाशा' नावाची माजून (मधात घोटलेलं औषधी चाटण) आहे. घटक असे: मिरी, खुरासानी ओवा, अफयून (अफू), जाफरान (केशर), सुंबुल (जटामांसी), अकरकरा, फरफियून (निवडुंगासारख्या झाडाचा जहाल चीक), शहद (मध). अफू आणि काही घटकांपुढे माप 'चावल' आणि 'रत्ती' असं आहे.

प्रश्न तीन आहेत.
१. अफूसोबत नेहमी मिरी, केशर, मधच का असतं?
२. चावल, रत्ती यांचं आजचं वजन काय?
३. गावात अजूनही पोस्ताच्या (अफूच्या झाडाच्या) बोंडांचा काढा खोकल्याला देतात, आणि लेकरू झोपावं म्हणून सहाणेवर उगाळून अफूचा वेढाही देतात. याला युनानीत आधार आहे का?

माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

पऱ्हाटी
तिसऱ्याचं उत्तर पहिले देतो. लेकराले अफू देऊ नोका. एक वेढाही नाई. बाकीचं जाणकार सांगतीन. आन नवीन वाचणाऱ्यांसाठी, इथं बोंडं म्हणजे कापसाची नाई, पोस्ताची, ज्याले माळव्यात डोडा म्हणतेत.

मिजाजदान
पहिल्या प्रश्नात युनानीची सगळी पद्धत आली, म्हणून थोडं लांबण लावतो.

युनानीत प्रत्येक औषधाला मिजाज (प्रकृती) असतो: गरम, सर्द (थंड), तर (ओलसर), खुश्क (कोरडा). त्याचे चार दर्जे. पहिल्या दर्जाचं औषध शरीराला जाणवतही नाही. दुसऱ्याचं जाणवतं पण अपाय करत नाही. तिसऱ्याचं अपाय करतं. चौथ्या दर्जाचं माणूस मारू शकतं. अफयून सर्द-खुश्क, चौथ्या दर्जात. म्हणजे हकिमांनी तिला पहिल्या दिवसापासून विषाच्या रांगेत बसवलं आहे. 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' असं एकाही जुन्या ग्रंथात सापडणार नाही.

तिची कामं: मुसक्किन (वेदना शमवणारी), मुनव्विम (झोप आणणारी), मुखद्दिर (बधिर करणारी) आणि हाबिस, म्हणजे जुलाब, रक्त, नजला (वाहती सर्दी) अडवून धरणारी. ही हाबिस बाजू लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चौथ्या दर्जाचं औषध द्यायचं तर सोबत मुसलेह हवा, म्हणजे त्याचा अपाय आवरणारं दुसरं द्रव्य. सर्दीवर गरम उतारा: जाफरान, मिरी, दालचिनी, जुंदबेदस्तर (बीव्हर प्राण्याच्या ग्रंथीतलं द्रव्य). वहीतली मिरी, केशर, अकरकरा, फरफियून हे सगळे गरम गट. मध गरमही आहे आणि टिकवणाराही. बर्शाशात अफूपेक्षा मिरीचा वाटा मोठा असतो तो याच हिशेबाने.

एवढं करूनही इब्न सिनाच्या (मृत्यू इ.स. १०३७, हमदान) शेवटच्या आजारात नोकराने त्याच्या औषधात अफू जास्त घातल्याचं त्याच्या शिष्याने लिहून ठेवलं आहे. ज्याने अफूचे गुण-दोष तपशिलात लिहिले त्याच्याच घरात मात्रा चुकली.

निंबोळी_अर्क
@मिजाजदान, मुसलेहच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. लोक हे वाचून 'मिरी घातली की अफू सुरक्षित' असं समजतात.

अफूतला मारणारा भाग मॉर्फिन. ते मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतं. मिरी, केशर, दालचिनी यातलं काहीही तो परिणाम उलटवत नाही. उलट मिरीतलं पायपरीन आतड्यातून औषधं शोषली जाण्याचं प्रमाण वाढवू शकतं आणि यकृतात त्यांचं विघटन मंदावू शकतं. म्हणजे तीच मात्रा जास्त चढू शकते.

खुरासानी ओव्याचं तर वेगळंच. त्यात हायोसायमिन, स्कोपोलामिन असतं. तोंड कोरडं, नाडी जलद, बाहुल्या मोठ्या. अफूच्या विषबाधेची ठळक खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या. दोन्ही एकत्र पोटात गेलं तर ती खूण झाकली जाऊ शकते. डॉक्टर बाहुल्या बघून 'अफू नसावी' म्हणेल आणि इकडे श्वास कमी होत राहील. बर्शाशा किंवा तसली जुनी माजून कुणी खाल्ली असेल तर डबी आणि नुस्खा दोन्ही दवाखान्यात न्यावं.

मिजाजदान
@निंबोळी_अर्क, पायपरीनचं मान्य. मुसलेह म्हणजे विषाचा उतारा नव्हे, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. मुसलेह मळमळ, बद्धकोष्ठ, अंगाची थंडाई आवरण्यासाठी. मात्रा चुकली तर मुसलेह वाचवत नाही, म्हणून तर मात्रा चावलात मोजायचे.

तराजू_काटा
मापाचं कोष्टक घ्या.

८ चावल = १ रत्ती (आपली गुंज)
८ रत्ती = १ मासा
१२ मासे = १ तोळा

जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्यावरून मासा साधारण ०.९७ ग्रॅम, रत्ती १२१ मिलिग्रॅम, चावल १५ मिलिग्रॅम. सराफाकडचा आजचा १० ग्रॅमचा तोळा धरला तर सगळंच चुकतं.

वह्या उतरवताना तीन चुका फार होतात. एक, चावलच्या जागी रत्ती लिहिलं जातं आणि अफूची मात्रा एकदम आठपट होते. दोन, काही वह्यांत दिरहम (सुमारे ३.५ ग्रॅम) आणि मिस्काल (सुमारे ४.५ ग्रॅम) येतात आणि उतरवणारा त्यांना सरसकट तोळा करून टाकतो. तीन, 'जुज' म्हणजे भाग, वजन नव्हे. २० भाग मिरी म्हणजे २० तोळे नव्हे.

गुंजेच्या बियांनी तोलणं तर सोडूनच द्या. एका वेलाच्या बिया दुसऱ्या वेलाशी जुळत नाहीत.

खारपाण_पट्टा
वहीत अफूपुढे एका पानावर 'चावल' आणि पुढच्या पानावर त्याच नुस्ख्यात 'रत्ती' आहे. म्हणजे तेच झालं असणार.

तराजू_काटा
तेच. अशा वहीचं मोल इतिहासाचं. मात्रेसाठी ती वापरायची नाही.

खरल_बत्ता
माप बरोबर धरलं तरी अफू स्वतः एकसारखी नसते, हा त्याच्या पुढचा घोळ.

अफू म्हणजे बोंडाला चिरा दिल्यावर येणारा चीक. ताज्या चिकात पाणी भरपूर. सरकारी खरेदीत म्हणूनच अफू ७० अंश घनतेला आणून हिशेब करतात, म्हणजे शंभरात सत्तर भाग घन पदार्थ. मॉर्फिनचं प्रमाण जात, जमीन, पाऊस, चिऱ्याची वेळ यावर हलतं. भारतीय अफूत ते साधारण ९ ते १२ टक्के धरतात, पण पहिल्या चिऱ्याचा चीक आणि चौथ्या चिऱ्याचा चीक सारखा नसतो. चोरट्या मालात गूळ, कात, डिंक मिसळतात. म्हणजे एक डबी अर्धी मेलेली आणि पुढची दुप्पट जहाल. एकाच माणसाला तीच 'मुगाएवढी' गोळी आज लागू पडते आणि उद्या जड जाते.

जुने कारागीर याला दोन प्रकारे सांभाळायचे. अफू आधी पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून, मंद आचेवर आटवायची. पानं, माती, बोंडांच्या साली निघून जातात. आयुर्वेदात हेच 'अहिफेन शोधन', पुढे आल्याच्या रसाच्या भावना, म्हणजे त्या रसात पुन्हा पुन्हा घोटणं. शोधनाने घाण जाते, मॉर्फिन जात नाही, हे नीट ध्यानात घ्या. 'शुद्ध केलेली अफू' म्हणजे सौम्य अफू नव्हे.

दुसरं म्हणजे मिश्रण. माजूनीत अफू कधी खड्याने टाकत नाहीत. मधाचा फेस काढून किवाम (पाक) तीन तारांवर आणायचा, म्हणजे अंगठा-बोटात धरला की तीन तार सुटले पाहिजेत. भांडं आचेवरून उतरवायचं. विरघळवलेली अफू आणि गुलाबपाण्यात खललेलं केशर शेवटी, चूर्णं चाळून, लाकडी उचटण्याने सारखं घोटत राहायचं. घोटण्यात आळस केला की डबीच्या एका कोपऱ्यात अफूचा गोळा राहतो. पहिले दहा घास निरुपद्रवी, अकरावा मारक. किवाम पातळ राहिला तर पावसाळ्यात आंबतो, वर फेस येतो, बुरशी धरते.

बर्शाशा तयार झाल्यावर सहा महिने ठेवूनच वापरायची असा दंडक आहे.

मोहाफूल
@खरल_बत्ता, आयुर्वेदाचा उल्लेख आला म्हणून. चरक-सुश्रुतात अफू नाही. शार्ङ्गधर संहितेत अहिफेन येतं, मग भावप्रकाशात. ही वनस्पती अरबांच्या व्यापारातून आणि हकिमांबरोबर आपल्याकडच्या औषधांत शिरली. अहिफेनासवात तर मोहाची दारू लागते, म्हणजे गोंदिया-गडचिरोलीच्या माणसाला ओळखीचं द्रव्य. कर्पूररसात अफूबरोबर हिंगूळही आहे, म्हणजे पारा. ही औषधं 'आयुर्वेदिक चूर्ण' समजून घेणाऱ्यांनी एवढं वाचावं.

पऱ्हाटी
मले एक सांगा, हकीम कपाळाले लावाची तिकोनी गोळी देत होते, थे काय होतं?

मिजाजदान
कुर्स मुसल्लस. कुर्स म्हणजे चपटी गोळी, मुसल्लस म्हणजे त्रिकोणी. डोकेदुखी आणि निद्रानाशावर पाण्यात किंवा गुलाबपाण्यात उगाळून कानशिलांवर लेप. त्यात अफू, खुरासानी ओवा असं सगळं जहाल असतं आणि ते फक्त बाहेरून लावायचं. बाकी कुर्स गोल, हा तीन कोनांचा. अंधारातही हाताला कळतं की हा गिळायचा नाही. कारागिरीतला हा बारकावा मला फार मोठा वाटतो. मात्रा, मुसलेह, सहा महिन्यांचा थांबा, गोळीचा आकार, या सगळ्यांत एकच काळजी आहे: अफू हातातून निसटू नये. गावात आज जे उरलंय त्यात अफू आहे, ही काळजी नाही.

दायी_पाळणा
तिसऱ्या प्रश्नावर येते, कारण या धाग्यातलं सगळ्यात तातडीचं तेच आहे.

बाळगुटीत हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम अशी द्रव्यं. अफू त्यात नाही. ती वेगळ्या वाटेने आली. बाई वेचणीला कापसात, बाळ बांधावर झोळीत, दिवसभर गप राहिलं पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत बाया कामाला जाताना 'बाळगोळी' द्यायच्या, तीही अफूचीच. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे देखील तान्ह्यांना अफू देण्याच्या प्रथेच्या साक्षी झाल्या. ही गरिबीची आणि मजुरीची सोय होती. वैद्यकात तिला जागा नव्हती.

बाळ का दगावतं ते नीट समजून घ्या. मॉर्फिन शरीराबाहेर काढायला यकृताने त्याला आधी बांधावं लागतं. ती ताकद नवजाताच्या यकृतात अपुरी असते, म्हणून औषध तासन्‌तास अंगात साठतं. मेंदूचं संरक्षक आवरणही कच्चं. श्वास मंदावतो, बाळ दूध ओढत नाही, शांत दिसतं. घरचे म्हणतात, 'छान झोपलंय.' सहाणेवर वेढा किती दाबून घेतला, खडा ओला होता का कोरडा, यावर मात्रा दुप्पट-तिप्पट बदलते. शिवाय रोज दिलं तर सवय लागते. एक दिवस चुकला की बाळ किंचाळत राहतं, जुलाब होतात, आणि 'अफू बंद केली म्हणून आजारी पडलं' असा उलटा निष्कर्ष निघतो.

आईने अफू किंवा बोंडांचा काढा घेतला तर तो दुधातूनही उतरतो.

खुणा: हाक मारून, तळपायाला टिचकी मारून जागं होत नाही, श्वास हळू किंवा अडखळत, ओठ-नखं निळसर, अंग गार, बाहुल्या बारीक. यातलं काहीही दिसलं की १०८. वाट बघायची नाही. मिठाचं पाणी, कांदा, चहा, उलटी काढणं यातलं काही करू नका, गुंगीतल्या बाळाच्या श्वासनळीत जातं. कुशीवर ठेवा, तोंड मोकळं करा, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. अफू दिली असेल तर दवाखान्यात लपवू नका.

निंबोळी_अर्क
यात भर. उतारा म्हणजे नॅलोक्सोन, सुईने देतात. त्याचा असर अफूच्या आधी संपतो. बाळ किंवा म्हातारा शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणायचा नाही. अफूने जठर-आतडी सुस्त होतात, पोटातला उरलेला माल नंतर शोषला जातो आणि गुंगी परत चढते.

खारपाण_पट्टा
आणि जुलाबाला? हकिमीत अफू जुलाब बांधण्यासाठीही येते, वहीत तसे दोन नुस्खे आहेत.

दायी_पाळणा
वर @मिजाजदान यांनी 'हाबिस' म्हटलं ते इथे लागू पडतं. आतडं थांबतं, जंतू आणि त्याचं विष आतच राहतं. रक्त-आव पडत असेल, ताप असेल तर हे जास्तच धोक्याचं. जुलाब दिसेनासा होतो, पण पाणी आतड्यात साठतच असतं. पोट फुगतं, बाळ सुकत जातं.

जुलाबाला ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धी पुडी अर्ध्या अंदाजाने नाही. वाटी-चमच्याने, उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा. सोबत झिंक १४ दिवस: ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे. अंगावरचं दूध चालूच.

खरल_बत्ता
खोकल्याच्या काढ्यावर थोडं. बोंडांत चीक राहिलेलाच असतो, चिरा दिलेल्या बोंडातही. किती राहिलाय हे डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे त्याच चार बोंडांचा काढा एकदा पाणचट, एकदा जहाल. दम्याच्या किंवा जुन्या फुफ्फुसाच्या माणसाला तो देणं म्हणजे आधीच कमी असलेला श्वास आणखी कमी करणं, आणि कफ आत अडवणं.

कोरड्या खोकल्याला युनानीतच बिनअफूचा, रोजचा नुस्खा आहे: बेहदाना (बिही फळाच्या बिया) ३ मासे, उन्नाब (बोरासारखं सुकं फळ) ५ दाणे, सपिस्तां ९ दाणे. सपिस्तां म्हणजे आपलं भोकर, बांधावर मिळतं. सुकवलेली फळं घ्यायची. तिन्ही पेलाभर पाण्यात भिजवून हलकं उकळायचं, कुस्करायचं, गाळायचं, कोमट घ्यायचं. बेहदाना कुटायचा किंवा चावायचा नाही. त्याचा फक्त चिकट लुआब घ्यायचा, बी फोडली तर आतला भाग विषारी. भोकर जास्त उकळलं तर काढा लेईसारखा होतो आणि गाळला जात नाही. तान्ह्यांना हेही द्यायचं नाही. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासायला द्या, क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

गावचा_कोतवाल
कायद्याचं एवढं ध्यानात ठेवा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५. अफूची लागवड फक्त केंद्राच्या परवान्याने आणि ती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरवलेल्या पट्ट्यात. महाराष्ट्रात परवाना नाही. कांद्यात, लसणात चार वाफे लपवले तरी कलम १८ लागतं: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. बोंडं, डोडाचुरा हे कलम १५. घरात काढ्यासाठी ठेवलेली पिशवीही त्यातच आली. आपल्या जमिनीत कुणी लावली आणि कळूनही कळवलं नाही तर जमीनधारकावर कलम ४६, आणि सरपंच, पंच, गावकामगार यांच्यावर कळवण्याची जबाबदारी कलम ४७ ने. शेत ठोक्याने देणाऱ्यांनी हिवाळ्यात एक चक्कर मारावी. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पांढरी-जांभळी फुलं जानेवारीपासून, चिरे फेब्रुवारी-मार्चमध्ये.

परवानाधारक कंपनीचं युनानी औषध वेगळं. अफयून, बजरुल बंज (खुरासानी ओवा) ही द्रव्यं औषध कायद्याच्या अनुसूची ई-१ मध्ये आहेत. अशा औषधाच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना बंधनकारक. बिनलेबलाची पुडी घेऊच नका.

तुरीची_डाळ
मग खसखशीचं काय? तीही पोस्ताचीच बी. वऱ्हाडी रस्स्यात, अनारशांवर, बाळंतिणीच्या डिंकलाडवात सगळीकडे खसखस. कोतवालसाहेब येतील का स्वयंपाकघरात?

गावचा_कोतवाल
नाही येत. बियांना कायद्यानेच वगळलंय. खसखस हशात पिकली तर हरकत नाही, वाफ्यात पिकली तर येईन.

खरल_बत्ता
बीमध्ये चीक तयार होत नाही. काढणीच्या वेळी बोंडाची भुकटी वरून चिकटते तेवढीच. दोन-तीन पाण्यांनी धुऊन, भाजून वापरली की बरंचसं जातं. तशी धुवायचीच असते, बारीक खडे निघतात. फक्त लघवीच्या नशा-तपासणीत खसखशीनेही मॉर्फिन दिसू शकतं, पोलीस-सैन्य भरतीवाल्या पोरांनी त्या आठवड्यात लाडू-रस्सा जपून. आणि कच्ची, न धुतलेली खसखस खळबळून तिचं पाणी पिण्याचे प्रकार करू नका, त्या पाण्यात वरची सगळी भुकटी उतरते.

पऱ्हाटी
एक राह्यलं. जुने अफूवाले म्हातारे असते गावात. त्याहिची अफू घरच्याहिनं एकदम बंद केली तर?

निंबोळी_अर्क
एकदम बंद करू नये. शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते १२ तासांत जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगदुखी सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर सर्वांत जास्त, जुलाब-उलट्या. तरण्याला ते सोसतं, सत्तरीच्या माणसाला पाणी कमी होऊन जीवावर बेततं. घरचे हगवण समजून सलाईन लावतात आणि खरं कारण कळतच नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. व्यसनमुक्ती केंद्रात ब्युप्रेनॉर्फिन देऊन हळूहळू उतरवतात. १४४४६ हा मोफत क्रमांक आहे, जवळचं केंद्र सांगतात. आणि काही महिने बंद राहिलेल्या माणसाने जुनी मात्रा पुन्हा घेतली तर ती झेपत नाही, मृत्यू होतात ते अशा वेळी.

खारपाण_पट्टा
सगळ्यांचे आभार, तिन्ही प्रश्न सुटले. वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवतोय. बर्शाशाच्या पानाखाली वेगळ्या शाईत एक ओळ आहे: 'तिफ्ल व हामिला रा न देहंद'. अर्थ कुणाला लागतो का?

मिजाजदान
फारसी आहे. 'लहान मूल आणि गरोदर बाई यांना देऊ नये.' फोटोत ही ओळ कापली जाऊ देऊ नका.

तराजू_काटा
आणि चावल-रत्तीच्या दोन्ही पानांचा फोटो शेजारी शेजारी ठेवा, खाली पेन्सिलीने 'माप जुळत नाही' असं लिहून. शाईने वहीवर काही लिहू नका.